दगडातला स्फुरद

आप्पांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते फिटण्यासारखं नाही. बऱ्हाणपूरला शनवाऱ्यात आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. वरच्या पुढच्या खोलीत दोन फुटांची एक काचेची टाकी आहे. तिच्यात सत्तर लिटर खारं पाणी, दोन क्लाउनफिश, थोडे मऊ जातीचे प्रवाळ आणि गुलाबी थर चढलेले दगड आहेत. खाली पोत्यांनी स्फुरद विकायचा आणि वर तोच स्फुरद मिलिग्रॅमच्या हिशेबाने पाण्यातून काढायचा, असं माझं चाललेलं असतं. या दोन्ही कामांत मला जे काही थोडंफार कळतं, ते आप्पांमुळे.

आप्पा आमच्याच गल्लीतले. त्यांची सगळी नोकरी शेतकी खात्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत गेली. निवृत्त झाल्यावर ते रोज संध्याकाळी दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसत आणि माझ्या वडिलांशी पाऊसपाण्याचं बोलत. वडील गेल्यावरही ते येत राहिले. मी त्यांना लहानपणापासून पाहत होते, पण प्रयोगशाळेत ते नेमकं काय करत असत, हे विचारावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

वडील अचानक गेले आणि दुकान माझ्याकडे आलं. मी बी.कॉम. झालेली. पावत्या, उधारी, साठ्याची वही एवढं मला जमत होतं. शेतकरी विचारायचे, "ताई, यंदा काय टाकू?" वडिलांच्या वेळेपासून जे सांगितलं जात होतं तेच मीही सांगायचे. डीएपी. पोत्यावर 18:46:0 छापलेलं असतं, त्यातला मधला आकडा स्फुरदाचा, हे मला माहीत होतं. 50 किलोच्या पोत्याबरोबर 23 किलो स्फुरद शेतात जातो, हा गुणाकारही येत होता. शेतात गेल्यावर त्याचं पुढे काय होतं हे मात्र माहीत नव्हतं, आणि माहीत नाही याची बोचणीही नव्हती. हंगामात रांग लागायची, पॉस मशीनवर अंगठे टेकले जायचे, पोती ट्रॅक्टरवर चढायची, की माझं काम झालं.

टाकीची ओढ जुनी होती. लहानपणी मुंबईला मामाकडे गेलं की चर्नी रोडला उतरून तारापोरवाला मत्स्यालय पाहिल्याशिवाय मी परत येत नसे. मरीन ड्राइव्हवर 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय म्हणजे माझ्यासाठी अख्खा समुद्र होता. बऱ्हाणपुरात समुद्र कुठला? आमची तापी आहे, केळीचे मळे आहेत आणि मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा आहे. पण वडील गेल्यानंतर संध्याकाळी दुकान बंद करून वर आलं की घर खायला उठायचं, आणि तेव्हाच मी टाकी मांडली. मीठ मुंबईहून मागवलं. मासे मामेभावाने रात्रीच्या गाडीने थर्मोकोलच्या पेटीतून आणून दिले. कठीण प्रवाळ ठेवायचे नाहीत हे आधीच ठरवलं होतं. आपल्या समुद्रातल्या खडक बांधणाऱ्या सगळ्या प्रवाळांना 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं, वाघाच्या पंक्तीला. तेव्हा झोआंथिड आणि मशरूम म्हणतात तसले मऊ प्रवाळ तेवढे आणले. दगड मिळाले ते एका शौकिनाने मोडलेल्या टाकीतले, वाळलेले, पांढरेफेक. ते कुठून आले, किती वर्षं कसल्या पाण्यात होते, याची मी चौकशी केली नाही.

थोड्याच आठवड्यांत त्या दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ चढलं. हाताने उपटलं की परत यायचं. झोआंथिडची तोंडं दिवसेंदिवस मिटलेली राहू लागली. तपासणीचं किट मागवलं, तर रंगपट्टीवर फॉस्फेट 0.5 पीपीएमच्या आसपास दिसला. तोपर्यंत मी वाचायला सुरुवात केली होती. फॉस्फेट हे स्फुरदाचंच पाण्यात विरघळलेलं रूप. प्रवाळ वाढतात त्या समुद्राच्या वरच्या पाण्यात तो सहसा 0.03 पीपीएमच्याही आत असतो, म्हणजे लिटरभर पाण्यात एका मिलिग्रॅमच्या शंभर भागांतले तीन भागही नाहीत. माझ्या टाकीत त्याच्या कितीतरी पट होता.

तो वाढला की दोन गोष्टी बिघडतात. शेवाळाला खाद्य मिळतं, हे दिसतंच. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याचा बांधतात. त्या स्फटिकाच्या वाढत्या अंगावर फॉस्फेट जाऊन चिकटतो आणि पुढचा थर बसू देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये वन ट्री नावाचं बेट आहे. तिथल्या खडकावरच्या पाण्यात किन्सी आणि डेव्हिस या दोन शास्त्रज्ञांनी मुद्दाम फॉस्फेट आणि युरिया सोडून पाहिला. 1979 साली त्यांनी लिहिलं की खडकाची चुना बांधण्याची गती निम्म्याहून जास्त घटली. ते वाचताना मी थबकले. फॉस्फेट आणि युरिया, दोन्ही माझ्या दुकानातली नावं. माझ्या टाकीत कठीण प्रवाळ नव्हते, पण दगडांवर गुलाबी थर चढवणारं एक शेवाळ असतं, तेही चुनाच बांधतं. चांगल्या टाकीची ती खूण. माझ्या दगडांवर त्याचा ठिपकाही येत नव्हता.

मग पाणी बदलणं सुरू झालं. पाव टाकी काढायची, तेवढंच नवं खारं पाणी घालायचं. आकडा उतरायचा आणि दोन-चार दिवसांत होता तिथे यायचा. नंतर लोहाच्या ऑक्साइडचे दाणे आणले. पिण्याच्या पाण्यातला आर्सेनिक काढण्यासाठी जर्मनीत 1990 च्या दशकात असे दाणे तयार झाले. आर्सेनेट आणि फॉस्फेट रसायनाच्या दृष्टीने सख्खे शेजारी, म्हणून ते टाकीतही चालतात. तपकिरी पाणी निघेपर्यंत धुवायचे, बारीक जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे. आकडा झपाट्याने खाली आला. दाणे थकले तसा परत वर गेला. पुन्हा नवे दाणे, पुन्हा तेच. एवढा स्फुरद येतो तरी कुठून, हे मला उमगत नव्हतं.

एका संध्याकाळी दुकानाची किल्ली द्यायला आप्पा वर आले. मी खिडकीशी किटची काचेची कुपी धरून रंग जुळवत होते. आप्पा दारातच थांबले.

"हा मोलिब्डेटचा निळा दिसतोय," ते म्हणाले. "नमुना कुठला गं?"

"टाकीतल्या पाण्याचा, आप्पा. फॉस्फेट बघतेय."

ते आत आले, खुर्ची ओढून बसले आणि कुपी हातात घेतली. "कुपी कशाने धुतेस?" मी म्हटलं, भांड्यांच्या साबणाने. त्यांनी मान हलवली. साबणाच्या भुकटीत फॉस्फेट असू शकतो, त्यामुळे या तपासणीच्या काचेला साबण लावायचा नसतो, हे त्यांनी सांगितलं. मग माझ्यासमोर सगळं पहिल्यापासून केलं. कुपी आधी साध्या आरओच्या पाण्याने धुतली. नंतर टाकीतल्याच पाण्याने तीनदा विसळून ते पाणी फेकलं, आणि मग नमुना भरला. खुणेच्या रेषेशी पाण्याची खालची कड आली की नाही, ते डोळा त्या पातळीला आणून पाहिलं. थेंब सोडताना बाटली सरळ उभी धरली, तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात म्हणून. कुपीवर बोटांचे ठसे उमटले होते, ते धोतराच्या मऊ सोग्याने पुसले. पांढरा कागद खाली ठेवला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वेळ भरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. निळा हळूहळू गडद झाला. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण घाई करत होतीस."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आप्पांनी आयुष्यभर हाच निळा रंग पाहिला होता. मातीतला पिकाला मिळू शकेल एवढा स्फुरद मोजायची ऑल्सेन यांची रीत 1954 ची. अडीच ग्रॅम माती, सोडियम बायकार्बोनेटचं 50 मिलिलिटर द्रावण, सामू 8.5, अर्धा तास हलवायचं, गाळायचं. द्रावणाचा मातकट रंग जावा म्हणून डार्को नावाचा कोळसा घालायचा. मग मोलिब्डेट घातलं की निळा उमटतो, जितका स्फुरद जास्त तितका गडद. आप्पा पुढे म्हणाले ते मला फार आवडलं. रंग उठवायची आजची सोपी रीत मर्फी आणि रायली यांनी 1962 मध्ये बसवली ती नैसर्गिक पाण्यांसाठी, आणि रायली तर समुद्राच्या रसायनशास्त्रातले. मातीच्या अर्कासाठी ती 1965 मध्ये घेतली गेली. "आम्ही तुझ्या समुद्राकडूनच उसनी आणली म्हण," आप्पा म्हणाले.

त्यांनी टाकीकडे पाहिलं. पाण्याकडे नाही, दगडांकडे.

"हे कशाचे?"

"कॅल्शियम कार्बोनेटचे. जुन्या प्रवाळांचे."

"कुंडी भंडाऱ्यात उतरली आहेस ना? भिंतींवर जो पांढरा थर चढलाय तो कशाचा?"

"चुन्याचा."

"मग हे तेच. आणि चुनखडीत स्फुरद काय करतो, हे मला कुणी विचारायला नको."

बऱ्हाणपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी गावात आणणारी कुंडी भंडारा ही व्यवस्था 1615 मध्ये, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने बसवली. विहिरींसारख्या कुंड्यांची लांब रांग आहे. आत उतरलं की शतकानुशतकं पाण्याने आणून बसवलेला चुना हाताला लागतो. आमचं पाणी आणि आमची बरीचशी जमीन अशीच चुन्याची. अशा जमिनीत टाकलेला स्फुरद कॅल्शियमला धरून बसतो आणि मुळांच्या हाती लागत नाही, ही आप्पांच्या रोजच्या कामातली गोष्ट होती. त्यांनी ती माझ्या टाकीला लावली. जुन्या मालकाच्या टाकीत त्या दगडांनी वर्षानुवर्षं फॉस्फेट धरून ठेवला होता. माझ्या पाण्यात तो कमी झाला की दगड थोडा सोडायचे, जास्त झाला की ओढून घ्यायचे. "किटमध्ये दिसतो तो खिशातला खुर्दा," आप्पा म्हणाले, "ठेव दगडात आहे. खिसा रिकामा करून ठेव कशी संपेल?"

त्यांनी ते तसंच मानायला सांगितलं नाही, तपासून घ्यायला सांगितलं. एक दगड काढून नव्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवला, छोटा पंप लावला. बादलीतलं पाणी आधी तपासलं तर निळा मुळीच उठला नाही. काही दिवसांनी तेच पाणी तपासलं तर कुपी निळी. पाणी ओतून नवं भरलं, पुन्हा निळी, पण आधीपेक्षा फिकी. आप्पांनी दुकानातली एक जुनी वही मागून घेतली, रेघा ओढल्या आणि तारीख, नमुना, आकडा असे रकाने पाडले. तो पावसाळाभर मी दगड पाळीपाळीने बादलीत ठेवत होते आणि आप्पा संध्याकाळी वर येऊन वही पाहत होते. लोहाचे दाणे टाकीत होतेच, पण आता थोडे थोडे. एकदम खूप घातले तर पाण्यातला फॉस्फेट अचानक संपतो आणि प्रवाळांना ते सोसत नाही, हे मी वाचलं होतं. आप्पांनी ते न वाचताच सांगितलं.

मग आवक-जावकेचा हिशेब. तो करायला बसलो तेव्हा माझं बी.कॉम. पहिल्यांदा कामी आलं. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का स्फुरद धरला तर चिमूटभर, म्हणजे शंभर मिलिग्रॅम खाद्याबरोबर एक मिलिग्रॅम स्फुरद जातो. फॉस्फेटच्या रूपात मोजला तर तो तीन मिलिग्रॅम होतो. सत्तर लिटरमध्ये तीन मिलिग्रॅम म्हणजे 0.04 पीपीएम. एका चिमटीने समुद्राची मर्यादा ओलांडली जाते, हे कागदावर पाहून मी गप्प झाले. मोठ्या टाकीत ती चिमूट पचून जाते, छोट्या टाकीत तेवढं पाणीच नसतं. खाद्य बंद करायचं नाही, मासे उपाशी ठेवून आकडा सुधारायचा नाही, हे आप्पांनी निक्षून सांगितलं. पण मासे मिनिटाभरात खातील तेवढंच घालायचं, गोठवलेलं खाद्य असेल तर बर्फाचं पाणी गाळून टाकायचं.

उन्हाळ्यात टाकी थंड ठेवायला पंखे लावावे लागतात. त्याने रोज पाणी उडतं, आणि उडताना मीठ, स्फुरद सगळं मागे ठेवून जातं. भर घालायची ती नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याची घातली तर त्यातलं जे काही आहे ते साठतच जाणार. म्हणून भर आरओच्या पाण्याची, तीही रेझिनमधून काढलेली, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारी. पाणी स्वच्छ राहावं म्हणून मी फिल्टरमध्ये कोळसा ठेवत असे. आप्पांनी त्यातला थोडा आरओच्या पाण्यात भिजत घालून तपासला. निळा उठला. प्रयोगशाळेत डार्को वापरायच्या आधी तो स्फुरदमुक्त आहे का ते पाहायचा दंडक होता, ती त्यांची सवय. तो कोळसा मी बदलला.

टाकीच्या मागच्या कप्प्यात दिवा लावून कीटोमॉर्फा नावाचं दोऱ्यांच्या गुंड्यासारखं शेवाळ वाढवायचं, आणि वाढलं की मूठभर काढून टाकायचं, हा उपाय बरेच शौकीन करतात. त्याच्या वाढीत पाण्यातला स्फुरद बांधला जातो आणि शेवाळाबरोबर बाहेर पडतो. आप्पांना हा सगळ्यांत पटला. "पीक घ्यायचं आणि शेताबाहेर न्यायचं," ते म्हणाले. काढलेलं शेवाळ गोड्या पाण्यात चांगलं धुऊन मी कढीपत्त्याच्या कुंडीत घालते.

हळूहळू आकडा उतरला आणि उतरलेला राहिला. मला वाटलं आता शून्यापर्यंत न्यावा. आप्पा तयार नव्हते. स्फुरद कमी पडला तर मक्याची पानं जांभळी पडतात, मूळ धरत नाही. जीव आहे तिथे थोडा तरी स्फुरद लागतोच, असं त्यांचं म्हणणं. पुढे मी वाचलं ते त्यांच्याच बाजूचं निघालं. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या वीडेनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की नायट्रेट जास्त आणि फॉस्फेट अगदी कमी असेल तर प्रवाळांच्या पेशींत राहणारं शेवाळ उपासमारीत सापडतं, आणि ऊन-उकाड्यात प्रवाळ पांढरे पडण्याचा धोका वाढतो. शून्यावर आणलेल्या टाक्यांत तपकिरी चिकट थर पसरतो, हेही अनेक शौकिनांनी अनुभवलेलं आहे. तेव्हापासून मी 0.03 ते 0.08 च्या मध्ये राहायचं धरलं आहे. आकडा कुठे आहे यापेक्षा तो उड्या मारतो का, याकडे जास्त लक्ष देते.

दगडांच्या सावलीच्या बाजूला पहिला गुलाबी ठिपका दिसला तेव्हा मी आप्पांना खालून बोलावून आणलं. ते बराच वेळ पाहत राहिले. मग खाली जाता जाता जिन्यात थांबून म्हणाले, "हे सगळं तू वरच्या टाकीसाठी केलंस. खालच्या गिऱ्हाइकासाठी कधी करणार?"

त्या प्रश्नाने मला जिथे नेलं, ते ऋण मी टाकीपेक्षा मोठं मानते. बादलीतल्या दगडाचं जे झालं, तेच माझ्या दुकानातून गेलेल्या डीएपीचं शेतात होत होतं. चुन्याच्या जमिनीत टाकलेल्या स्फुरदातला पहिल्या हंगामात पिकाला जेमतेम 15 ते 20 टक्के मिळतो. उरलेला मातीत अडकून राहतो. वर्षानुवर्षं सवयीने डीएपी टाकलेल्या शेतात अशी ठेव साठत जाते, आणि जास्त झालेला स्फुरद पिकाला जस्त नीट घेऊ देत नाही. केळीची भूक तर मुख्यतः नत्र आणि पालाशाची. खानदेशातल्या केळीसाठीची शिफारस झाडाला 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद, 200 ग्रॅम पालाश अशी आहे. हे सगळं छापील होतं, दुकानाच्या खणात पडलेल्या पुस्तिकांतही होतं. मी वाचलं नव्हतं.

हैदराबादच्या मॅनेज संस्थेने कृषी सेवा केंद्रांच्या चालकांसाठी 2003 पासून एक पदविका चालवली आहे. तिला सगळे 'देसी' म्हणतात. आठवड्यातून एक दिवस, वर्षभर वर्ग असतो. आप्पांनी अर्ज आणून दिला आणि मी तो भरेपर्यंत समोर बसून राहिले. वर्गात मातीचं प्रकरण आलं तेव्हा ते मला अवघड गेलं नाही. टाकीने ते आधीच शिकवलं होतं.

एक शेतकरी दादा डीएपीची पोती न्यायला आले होते. आप्पा बाकावर होते. मी मृदा आरोग्य पत्रिका मागितली. ती त्यांच्या पिशवीत खसरा-खतौनीच्या, म्हणजे सातबाऱ्याच्या, कागदांत घडी होऊन पडलेली होती. स्फुरदाच्या रकान्यात हेक्टरी 25 किलोच्या बराच वर आकडा होता, म्हणजे 'जास्त'. मी म्हटलं, "दादा, यंदा डीएपी नका नेऊ. शेणखत, स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, आणि नत्र-पालाश हिशेबाने." ते माझ्याकडे पाहत राहिले, मग आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "ताई बरोबर सांगतेय." ते तसंच करून गेले. पुढच्या वर्षी आले ते शेजाऱ्यांच्या पत्रिका घेऊन. माझ्या सांगण्यावर नव्हे, आप्पांच्या शब्दावर त्यांनी त्या दिवशी भरवसा ठेवला होता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता पोतं उचललं जाताना ते कुठून आलं आणि कुठे जाणार, हे दोन्ही मनात येतं. स्फुरदयुक्त खतांचा कच्चा माल म्हणजे रॉक फॉस्फेट. आमच्या मध्य प्रदेशात तो झाबुआकडे निघतो, राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला. झामरकोटड्याचा फॉस्फेट तर अतिप्राचीन उथळ समुद्रातल्या सूक्ष्म जिवाणूंनी रचलेल्या थरांमध्ये सापडतो. समुद्रातून निघालेला स्फुरद माझ्या दुकानात येतो, शेतात जाऊन मातीच्या कणांना चिकटतो आणि जोराचा पाऊस झाला की त्या मातीबरोबर ओढ्यांतून तापीत उतरतो. पुढे हतनूर धरण, उकई धरण, सुरत आणि समुद्र. जे पिकाने घेतलं नाही ते असं वाहून जाण्यात कुणाचंच भलं नाही. शेतकऱ्याचे पैसेही त्यात वाहतात.

आप्पा आता मुलीकडे जळगावला असतात. नुसत्या डोळ्यांनी निळ्याच्या छटा मला नीट ओळखू येत नाहीत, म्हणून मी आता हातात मावणारं आकडा दाखवणारं छोटं यंत्र घेतलं आहे, आणि फोनवर त्यांना आकडा सांगते. ते पहिला प्रश्न अजून तोच विचारतात, कुपी कशाने धुतलीस. त्यांनी रेघा मारलेली वही भरली, दुसरीही तशाच रकान्यांची आहे. त्यांच्याकडून मी कधी एका पैशाचं काही घेतलं नाही, आणि त्यांनी मला जे दिलं त्याची पावती फाडता येत नाही.

कुणी छोटी खाऱ्या पाण्याची टाकी मांडणार असेल तर त्यांना एवढंच सांगेन की दगड घेताना ते आधी बादलीत ठेवून तपासा, मग टाकीत घाला. आणि आमच्या भागातल्या शेतकरी भावा-बहिणींना विनंती आहे. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 2015 पासून सुरू आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात ती पत्रिका असेल. तिच्यात बारा गोष्टींचे आकडे असतात, त्यांत स्फुरदाचाही असतो. पेरणीआधी माझ्याच नव्हे, कुठल्याही दुकानात खत घ्यायला जाल तेव्हा ती बरोबर घेऊन जा, आणि पत्रिका जुनी झाली असेल तर माती पुन्हा तपासून घ्या.